दाराबाहेरचा शिपाई

३ मार्च

चि. भिंगरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

महिना होत आला, तुझी चिठ्ठी नाही की चपाटी नाही. पोलिसात गेल्यापासून तूच फरार असल्यासारखी वागतेस. आईचा गुडघा कसा आहे तेही आम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळायचं का?

इकडे आमच्या चित्रपट मंडळाने शनिवारी तो फ्रेंच पोलिसपट दाखवला. तुमच्याकडे तो आमच्या आधी येऊन गेला, तेव्हा तू पाहिला असशीलच. मी पडले मंडळाची चिटणीस. त्यामुळे खेळ संपल्यावर लोकांनी डब्यात टाकलेल्या मतांच्या चिठ्ठ्या वाचून त्यांचा गोषवारा करायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याच गळ्यात आलं. दोन दिवस शिलाई मशीन झाकून ठेवलंय आणि चिठ्ठ्या वाचतेय. एकूण एकशे बारा आहेत.

व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात ते खोटं नाही. दातांच्या डॉक्टरांनी लिहिलंय की त्या इन्स्पेक्टरच्या ठोशाने दाढ मुळासकट बाहेर येणं शक्यच नाही, पुढचे दात आधी पडले असते. बस चालवणाऱ्या गृहस्थांना रक्ताचं काही वाटलं नाही. पण एवढ्या मोठ्या पाठलागात एकाही गाडीवाल्याने आरशात पाहिलं नाही, याचा त्यांना भयंकर राग आलाय. मुख्याध्यापिकाबाईंनी ‘किळसवाणा’ एवढंच लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. बाई शेवटपर्यंत पहिल्या रांगेतून हलल्या नव्हत्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. बाकी बहुतेकांना इन्स्पेक्टर आवडला. पळवलेल्या मुलीचा पत्ता सांगत नाही म्हणून तो त्या माणसाला खोलीत कोंडून बदडतो ना, तिथे टाळ्या पडल्या. पोलीस असावा तर असा, असं पासष्ट जणांनी लिहिलंय.

आता घरचाच पोलीस असताना मी बाहेर कुठे विचारत बसू? खरंच असं असतं का गं? तुझं मत कळव, ‘जाणकारांचं मत’ म्हणून गोषवाऱ्यात छापते.

लोभ आहे तो असू दे, आणि नसला तरी पत्र येऊ दे.

तुझी आत्या


९ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, कान धरते. आईचा गुडघा बरा आहे, जिने मात्र अजून चढवत नाहीत. मीही बरी आहे.

चित्रपट पाहिला. आमचे साहेब आणि आम्ही ठाण्यातले पाच जण मिळून गेलो होतो, तिकिटं साहेबांनीच काढली. सगळ्यांना फार आवडला. माझं मत मात्र छापू नकोस. मला काही मत नाही.

एक विचारायचं होतं. मारहाण चालू असते तेव्हा त्या खोलीच्या दाराबाहेर एक तरुण शिपाई उभा असतो. त्याच्याबद्दल कोणी काही लिहिलंय का ते बघ. सगळ्या चिठ्ठ्या बघ, वरवर चाळू नकोस.

तुझी माया आहे तशीच राहो.

तुझी
भिंगरी


१४ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे तारच. असो. एकशे बारा चिठ्ठ्या पुन्हा वाचल्या. तुझ्या शिपायाबद्दल एकानेही अवाक्षर काढलेलं नाही. गंमत म्हणजे मलाही तो आठवेना.

आणि डोक्यात काही शिरलं की मला चैन पडत नाही, हे तू जाणतेस. प्रोजेक्टरवाल्याला गाठलं. पँटची चेन बसवून देण्याच्या बोलीवर, पुढच्या गावी पाठवायच्या आधी ते एक रीळ त्याला परत लावायला लावलं. भर दुपारी अख्ख्या सभागृहात मी एकटी. दाराला काच आहे, तिच्यातून तो शिपाई दिसतो. आतल्या मारामारीकडे न बघता मी फक्त त्याच्याकडे बघत राहिले.

आतल्या माणसासाठी पाणी आणायला त्याला धाडलेलं असतं. तो भरलेला पेला घेऊन येतो तोवर दार लागलेलं असतं. आवाज सुरू होतात. कोणी येत नाही ना, म्हणून तो दोन्ही बाजूंना बघतो आणि तसाच उभा राहतो. दार उघडतं तेव्हा पेला रिकामा असतो. घोट घोट करून पाणी त्यानेच पिऊन टाकलेलं असतं. हे एकशे बारा माणसांत कोणालाच दिसलं नाही, आणि डोळ्यांत तेल घालून टाके मोजणाऱ्या तुझ्या आत्यालाही नाही.

आणखी एक. टाळ्या पडल्या असं मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं, त्यांत माझ्याही होत्या हे लिहिलं नाही. आता त्याची लाज वाटते.

पोरी, सगळ्या चिठ्ठ्या बघ असं तू उगाच म्हणणार नाहीस. तुझ्या मनात काहीतरी सलतंय. काय झालंय ते सांग. दादाच्या कानावर जाणार नाही, ते माझ्याकडे लागलं.

माझा जीव तुझ्यापाशी आहे, हे लिहायला नको.

तुझी आत्या


१९ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

माझ्या हातात पेलासुद्धा नव्हता.

फेब्रुवारीच्या चार तारखेला आमच्या ठाण्यात चोरीच्या संशयावरून एकाला आणलं. सायकली दुरुस्त करणारा. साहेब त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि मला दाराशी उभं केलं, कोणाला आत सोडू नकोस म्हणाले. मला सगळं ऐकू येत होतं. त्याचं मनगट मोडलं. चोरी त्यानेच केली होती, मालही सापडला, त्यामुळे ठाण्यात कोणालाच वाईट वाटलं नाही. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. कसला आवाज येतोय, असं तिने मला विचारलं. वरच्या मजल्यावर सुतारकाम चाललंय, असं मी तिला सांगितलं.

आता वरून चौकशी लागलीय. तेव्हा कुठे होतो आणि काय ऐकलं, ते प्रत्येकाने लिहून द्यायचंय. बाकी चौघांनी काही ऐकलं नाही असं लिहून दिलं. माझा कागद सत्तावीस तारखेपर्यंत द्यायचाय.

साहेब वाईट नाहीत गं. आई पडली तेव्हा त्यांनी न मागता रजा दिली, दवाखान्यात न्यायला गाडी दिली. मला लेकीसारखं वागवतात. चित्रपट सुटल्यावर पाठीवर थाप मारून म्हणाले, बघ, जगात सगळीकडे असंच चालतं. मी हसले. खरं लिहिलं तर त्या ठाण्यात मला कोणी विचारणार नाही. खोटं लिहिलं तर कोणाला कळणारही नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

वाचून झाल्यावरही लोभ राहिला तर कळव.

तुझी
भिंगरी


२२ मार्च

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

लोभाचं काय विचारतेस, वेडे. पत्र वाचून रागावले नाही. खरं म्हणजे पहिल्यांदा वाचताना रागावले, दुसऱ्यांदा वाचताना रडले.

काय लिहावंस हे सांगायला मी कोण? टाळ्या पिटून घरी येऊन गाढ झोपलेली बाई मी. साहेबांचे उपकार खरे आहेत, ते मी विसरणार नाही. त्या माणसाचं मनगटही खरं आहे, आणि त्याला विचारून कोणी तुझ्या आईला गाडी दिली नव्हती.

तिथे राहणं जड झालं तर माझ्या मशीनच्या खोलीत एक खाट मावते. दादाला मी बघून घेईन. हे तुला एका बाजूला ओढायला लिहीत नाहीये, असं लिहिणार होते. पण त्यासाठीच लिहितेय.

गोषवारा काल छापायला दिला. शेवटी एक मत वाढवलं, की मारहाणीला मीही टाळ्या वाजवल्या आणि ते चुकलं, खाली सही चिटणीस. अध्यक्ष म्हणाले, चिटणिसाने मत द्यायचं नसतं. म्हटलं, मग चिटणीस बदला. अजून तरी बदललेला नाही.

जेवणखाण वेळेवर कर. लोभ इथे भरपूर आहे, लागेल तेवढा ने.

तुझी आत्या


२८ मार्च

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

काल कागद दिला. आधी दोन लिहून फाडले. चार वाजून दहा मिनिटांपासून चार पस्तीसपर्यंत मी दाराबाहेर उभी होते आणि सगळं ऐकत होते, असं लिहिलं. सुतारकामाचंही लिहिलं.

साहेब आता माझ्याकडे बघत नाहीत. त्याचं फार वाईट वाटतं, इतकं वाटेल असं वाटलं नव्हतं. मला मागच्या खोलीत, हरवलेल्या वस्तूंच्या टेबलावर बसवलंय. छत्र्याच फार आहेत. आज एकटीच जेवले.

चौकशीला आलेल्या बाईंनी माझा कागद दोनदा वाचला. बाकीच्यांना ती दुपारसुद्धा धड आठवत नाही, मग तुम्ही मिनिटांपर्यंत वेळ कशी सांगता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की आमच्या बाकावरून घड्याळ दिसत नाही. त्याची आई सारखी मला किती वाजले ते विचारत होती, आणि तेवढं मी तिला दर वेळी खरं सांगत होते.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. मला तो आता जरा जास्त लागेल.

तुझी
भिंगरी