फायरप्लेसमधली टकटक

ब्रिनटेग स्ट्रीट,
शुक्रवार (पाऊस)

तीर्थरूप मेन्नाताईस धाकट्या एम्लिनचा नमस्कार. तुझे गुडघे आता तुला जिना चढू देतात का, ते आधी कळव. आमच्याकडे सगळं ठीक आहे, म्हणजे रडण्यासारखं नवीन काही नाही, एक सोडून.

आईच्या बैठकीतली फायरप्लेस जायची चिन्हं आहेत. हीटर आल्यापासून तिच्यात काडी पेटलेली नाही आणि रियान (बायको माझी, पण घर आता तिचंच) कित्येक वर्षं ‘हे भोक बुजवा’ म्हणते आहे. मी ऐकल्यासारखं करत होतो. पण मंगळवारी धुराड्यातून एक कावळा खाली आला. नुसता आला असता तर चहा पाजून पाठवला असता. तो धुराड्यातली सगळी काजळी अंगावर घेऊन आला आणि रियानच्या नव्या दुधी सोफ्यावर, पडद्यांवर आणि शेवटी पाद्रीबाबांच्या टकलावर (ते नेमके चहाला आलेले) बसून गेला. त्याच संध्याकाळी हेफिन गवंड्याला बोलावणं गेलं. त्याने आत डोकं घातलं, भिंतीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, “काढली तर वरचं धुराडं तुमच्या पलंगावर येईल, एम्लिनकाका. फळी ठोकून झाकली तर नुसतं तुम्हाला वाईट वाटेल.” रियान म्हणाली, “मग झाक. वाईट त्यांना तसंही वाटतच असतं.” येता गुरुवार ठरला.

आता खरं दुखणं सांगतो. लहानपणी फायरप्लेसच्या मागच्या विटांवर (पलीकडे लगेच शेजारच्यांची फायरप्लेस) सळईने ठोकलं की शेजारीण धावून यायची, ते तुला आठवत असेल (माझ्या जन्माच्या वेळी आईने इतकं ठोकलं होतं म्हणे, की वीट निखळली). ती पद्धत गल्लीतून केव्हाच गेली. मी आणि पलीकडच्या कायन्वेनबाई, अशी दोघंच उरलोय. रोज सकाळी रियान आंघोळीला गेली की त्या दोनदा ठोकतात, मग मी दोनदा ठोकतो. म्हणजे आज उठले. बरं, मीही उठलो. एवढंच. एरवी आमचं बोलणं बंद आहे, कारण चॅपेलच्या चहापानाला रियानने नेलेला मनुकांचा केक दुकानातला आहे, असं बाईंनी चारचौघांत सांगितलं (होताच तो), आणि नवरा म्हणून मलाही रुसणं भाग पडलं. बाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या, खोकला सदाचा. गुरुवारनंतर त्या ठोकत बसतील आणि इकडून उत्तर जायचं नाही. रियानला सांगावं तर इतकी वर्षं शत्रूशी संधान बांधलं असं होतं, आणि बाईंना सांगावं तर आधी त्यांच्याशी बोलावं लागेल. मला अन्न गोड लागत नाही, ताई.

बाकी क्षेम.
तुझा एम्लिन

ता. क. — ‘फायरप्लेसला हात लावू देऊ नकोस’ असं आईने जाताना तुझ्याकडून वचन घेतलं होतं, असं एक पत्र रियानच्या नावे टाक. बुधवारच्या आत पोचेल असं बघ. (आई जन्मभर तिची राख काढून वैतागली होती आणि ही एकदाची बुजवा म्हणायची, हे मला ठाऊक आहे. तेवढं लिहू नकोस.)

दुसरा ता. क. — हे पत्र टाकायचं राहिलं. आता तूही लिहू नकोस. शनिवारी रियान टॉवेल विसरली म्हणून खाली आली, तर मी गुडघ्यांवर, डोकं फायरप्लेसमध्ये, हातात सळई. मला वेड लागलं असं ती म्हणणार, तेवढ्यात पलीकडून टकटक झाली. मी सगळं सांगून टाकलं. तिने कोट चढवला आणि थेट बाईंकडे गेली. आली ती डोळे पुसतच. म्हणाली, “डॉक्टर बाईंना कधीचा सांगतोय, ते धुराडं बुजवा, त्या वाऱ्याने तुमची छाती भरते. त्या ऐकत नव्हत्या. का, तर म्हणे, तो बिचारा एम्लिन रोज ठोकतो, त्याला बोलायला दुसरं आहे कोण.”

गुरुवारी हेफिनने दोन्हीकडे फळ्या ठोकल्या. बाईंचा खोकला उतरतो आहे. रविवारी रियानने त्यांना चहाला बोलावलं, केक घरी केला. बाई माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या. पाऊस फार आहे म्हणाल्या, मी हो म्हटलं. मग आम्ही दोघं केककडे बघत राहिलो. रियान विषय काढून काढून दमली. त्या हाताच्या अंतरावर बसल्या होत्या, ताई, आणि मला त्यांची आठवण येत होती.