नवा अल्बम चांगलाच आहे

३ मार्च

उद्या आपल्या पोरांचा नवा अल्बम येतोय. पोरं म्हणजे बँडवाली. पन्नाशीची झाली सगळी, पण मी पोरंच म्हणते. लाँड्रीत सांगून ठेवलंय, उद्या स्पीकरला कुणी हात लावायचा नाही. नवी पोरगी म्हणाली, आणि नाही आवडला तर? म्हटलं, तू तुझ्या उशांच्या खोळी बघ.

लांबीला (उंच आहे म्हणून सगळ्या तिला लांबीच म्हणतात) आणि मला आज काही सुचत नाही. हॉस्पिटलच्या चादरींच्या घड्या आम्ही दोघी इतकी वर्षं यांच्याच गाण्यांवर घालतोय. ठेक्यावर पुढे यायचं, टोकं जुळवायची, ठेक्यावर मागे. बाकीच्या जोड्यांच्या घड्या आमच्या निम्म्यानेही होत नाहीत.

ठरवलंय: उद्या सगळ्यांसमोर रडायचं नाही.

४ मार्च

रडले नाही.

अल्बम खोल आहे. ठेका लवकर येत नाही एवढंच. आम्ही दोघी चादर ताणून उभ्या, ठेका काही येईना. चौथ्या गाण्याला लांबी म्हणाली, कुणी गेलंय का गं यांच्या घरात? सगळ्या हसल्या.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, नवरा टाकून गेला तेव्हा हीच गाणी लावून माझ्या स्वयंपाकघरात रडत बसायचीस, आता नाकं मुरडतेस.

नेमकी मशीन तेव्हाच थांबली. सगळ्यांना ऐकू गेलं.

लांबीने हातातल्या चादरीची घडी एकटीनेच घातली.

मी खोटं बोलले नाही. मशीन थांबायला नको होती.

६ मार्च

लांबी पलीकडच्या टेबलावर गेली. जाऊ दे. मला नवी पोरगी दिली. तिच्या घड्या वाकड्या. ओढते अशी, जसं काही मी चादर पळवून नेणार आहे.

अल्बम रोज घरी ऐकायचा ठरवलं. चार-पाच वेळा ऐकला की कळतो. तिसऱ्या गाण्याला डोळा लागला. थकवा.

९ मार्च

मुलीने विचारलं, आई, यातलं तुझं आवडतं कुठलं? म्हटलं, पाचवं. तिने लावलं. नुसता वारा, मग एक घंटा, संपलं. म्हटलं, हेच.

मग म्हणाली, लांबी मावशी हल्ली का येत नाही? म्हटलं, तिला काम असतं. आम्हा दोघींना एकच काम आहे हे मुलीला माहीत आहे.

११ मार्च

सुपरवायझर म्हणाला, या गाण्यांनी काम रेंगाळतंय, वॉर्डातून फोन येतात, बंद करा. म्हटलं, मग मी नोकरीच सोडते. म्हणाला, बरं.

स्पीकर बंद केला.

लांबीने माझ्या बाजूने बोलायला हवं होतं. एरवी त्याची खरडपट्टी काढली असती. जेवायच्या सुट्टीत पाठ करून बसली. मी डबा तसाच परत आणला. भाजी खारट झाली होती.

१४ मार्च

गाणारा मुलाखतीत म्हणाला, घाईत उरकला अल्बम, आम्हालाच आवडला नाही, वाट बघणाऱ्यांची माफी मागतो. वर हसत होता.

मेल्या, आधी सांगायचं.

मुलीने मुलाखत पुन्हा लावून दाखवली. नको म्हटलं तरी.

आता माझ्या बाजूने बँडसुद्धा नाही. उद्या लांबीला गाठायचं. सरळ सांगायचं, वाईट बोलले, चारचौघींत बोलले, चुकलं. भांडी घासताना म्हणून बघितलं. येतं म्हणायला.

१५ मार्च

गेले तिच्या टेबलापाशी. लांबीने मान वर केली. मी म्हटलं, गाणाऱ्याने माफी मागितली, ऐकलंस का?

ती म्हणाली, त्याने माझं काय केलंय?

आणि थांबली. चादर हातात धरून चांगली थांबली.

मी म्हटलं, तसं नाही, पण माणूस मनाचा मोठा आहे.

मग तिने चादरीची टोकं समोरचीच्या हातात दिली. मी मिळाला तो चादरींचा गाडा ढकलत वॉर्डाकडे निघाले. रिकामा होता, ते लिफ्टमध्ये कळलं.