आपल्याकडे हंसाचं नाक आहे

॥ श्री ॥

बोईसर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. स्वरा हिला,

बोईसरहून आईचे आशीर्वाद. इथे आम्ही सगळी बरी आहोत. तिकडे माहेरी खंडेराव आणि रत्नाबाईंना आमचा नमस्कार सांग. हाताची पट्टी सुटली का? नवी कातडी येताना खाज सुटते, पण खाजवू नकोस. भुवयांची काळजी करू नकोस. माझ्या मामीच्या चुलीत गेल्या होत्या, त्या पहिल्यापेक्षा दाट आल्या आणि पुढे जन्मभर ती रागावल्यासारखी दिसायची.

सासूचं पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर मी कशी बोलते ते तुला माहीत आहे. समोरच्याला बोलू देत नाही, आणि शेवटी दरवेळी मीच बरोबर ठरते. कागदावर तसं जमत नाही, म्हणून कागद घेतला.

गाडी अंगणात उभीच आहे. ह्यांनी निवृत्तीनंतर खपून खपून जुन्या मिनीबसचं घर केलं, पलंग, ओटा, मोरी सगळं, आणि पहिल्याच मुक्कामाला शिरगावच्या किनाऱ्यावर तो भडका होऊन बसला. परवापर्यंत त्यांनी गाडीचं दारसुद्धा उघडलं नव्हतं. आता पुन्हा गॅसच्या बाटल्यांचं वेड घेतलंय. म्हणतात, लोखंडी नको, फायबरचा घेऊ, उजेडात धरला की आत गॅस किती उरलाय ते दिसतं. जेवताना तेच, झोपताना तेच.

पहिल्या वेळी बाटले निवडताना आपल्या घरात केवढी सभा भरली होती, आठवतं? हे म्हणत होते, घरचाच मोठा लाल बाटला टाकू गाडीत. धीरज म्हणाला, कारखान्यातली पोरं बाजारातून छोटा सुटा भरून आणतात, तसला घेऊ. तू बापलेकांना गप्प केलंस. गॅस कंपनीचा पाच किलोचाच घ्यायचा, दोन घ्यायचे, एक चालू आणि एक भरलेला. कड्यावरची तपासणीची तारीख वाचून घ्यायचे, उभेच ठेवायचे, पट्ट्याने बांधायचे. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून ओट्यापुढच्या तळाच्या फळीला भोक पाडायला लावलंस. मला तेव्हा रागच आला होता. माझ्या ओट्यापाशी मला न विचारता भोक, म्हणून. लॅबमध्ये काम करते म्हणून काय झालं, असं मी जागृतीला फोनवर बोललेसुद्धा. तिला काय, वहिनीविरुद्ध कुणी बोललं की नणंदेचं पोट भरतं.

मग तू म्हणालीस, "पप्पा, एक गॅस अलार्म पण लावू या." आणि हे हसून म्हणाले, "अलार्म कशाला? आपल्याकडं हंसाचं नाक हाय." सगळे हसले. मीही हसले.

काल हे दोन्ही बाटले, नळी, रेग्युलेटर असं सगळं पिशवीत घालून एजन्सीत भांडायला गेले. एजन्सीवाल्याने यांच्यासमोर साबणाचं पाणी लावून दाखवलं. एक बुडबुडा आला नाही. नळी चांगली, रेग्युलेटर चांगला, वॉशर नवा. हे घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाटल्यात दोष नाय. म्हंजे बसवतानाच काय तरी..." आणि माझ्याकडे बघून थांबले. त्या दिवशी बाटला तू बदलला होतास ना, चहा झाल्यावर. मी भाजी निवडत होते, ती निवडतच राहिले.

संध्याकाळी खंडेरावांचा फोन आला. तुला न सांगता केला असेल, तर त्यांना बोलू नकोस. हे मोरीत होते म्हणून मी घेतला. म्हणाले, "वहिनी, आमच्या पोरीच्या हातनं चूक झाली. पदरात घ्या. आता ती चुलीजवळ जाईना झालीय. आईनं च्या टाक म्हटलं, तर काडी हातात धरून नुसती उभी राहते."

वीज प्रकल्पात उभी हयात घालवलेला माणूस. मुलीच्या बापाने सासरच्यांपुढे वाकायचं, ही आपल्याकडची जुनी रीत, पण मला त्यांचा आवाज ऐकवेना. मी म्हटलं, "असू द्या, होतं असं." स्वरा, मी "असू द्या" म्हटलं. जसं काही मी मोठ्या मनाची.

तर आता सांगते. मला वास येत नाही.

करोनात आमच्या सगळ्यांचा गेला होता. तुझं लग्न व्हायचं होतं तेव्हा. ह्यांचा आला, धीरजचा आला. ह्यांना आला त्या दिवशी बोंबील तळायला लावले आणि ताटावर वाकून मला विचारलं, "तुला आला ना गो?" मी म्हटलं, "आला." वाटलं, आज ना उद्या येईलच, कशाला यांच्या आनंदात माती घाला. तो आलाच नाही. आणि एकदा आला म्हटल्यावर, नाही आला कसं म्हणायचं?

तू म्हणशील, एवढं काय लपवायचं. अगं, माझ्यात कौतुक करण्यासारखं दुसरं होतं काय? ना रूप, ना शिक्षण, ना गळा. शिरगावात माहेरी असताना आई म्हणायची, हंसाला वेशीवरून कळतं कुणाच्या घरी काय शिजतंय. या गल्लीत संध्याकाळी कारखान्यांकडून काही उग्र आलं, की अजूनही बायका मलाच विचारतात, "हंसाबाई, आज कसला?" मी वाऱ्याची दिशा बघते आणि ठोकून देते. मासळी कल्ले बघून घेते. फोडणी आवाजावर करते. दूध करपलं की तुम्ही तोंड वाकडं करता, त्यावरून समजून घेते. दिवाळीत तू एवढ्या हौसेने अत्तर आणलंस आणि मी "फार उग्र आहे, डोकं दुखतं" म्हणून कपाटात टाकलं. मला अत्तर आणि पाणी सारखंच. पण नुसतं छान म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, कसला वाटतो?

शिरगावला तू गाडीत आलीस आणि दारातच म्हणालीस, "आई, गॅसचा वास येतोय." मी नाक वर करून चांगला मोठा श्वास घेतला आणि म्हटलं, "छे, बाहेर बोंबील वाळत घातलेत, त्याचा. तुमच्या घाटावरच्या नाकाला मासळीची सवय नाही." जागृती बाहेरून खो खो हसली.

चूक तुझी नव्हती, वास खरा होता. माझं नाक खोटं होतं. हे तुला कळावं, म्हणून लिहिलं.

आता थांबते, दळण आणायचं आहे. उद्या पाकिटात घालते.

मंगळवार, १०

पाकिटात घातलं नाही. काल वरचं सगळं पुन्हा वाचलं. एकही शब्द खोटा नाही, आणि तरी त्यात मी स्वतःला वाचवलंय. वाचून तू म्हणाली असतीस, बिचाऱ्या आई, त्यांना वास येत नाही. मला बिचारी व्हायचं होतं.

उरलेलं हे.

त्या संध्याकाळी तुम्ही सगळे बाहेर चटईवर होता. मी भाताचं आधण मंद आचेवर ठेवलं होतं. समुद्राचा वारा भणाणत आत येत होता. दिवेलागण झालेली, वाऱ्यात दिवा टिकायचा नाही, म्हणून मी खिडकी लावून घेतली. शेगडीकडे पाहिलं नाही. खिडकी लावायच्या आधीच वाऱ्याने ती विझवली असणार. फळीच्या भोकातून वाळू येते म्हणून त्यावर पायपुसणं मीच टाकलं होतं. म्हणजे गॅस जिथून खाली निघून जायचा, ती वाटसुद्धा मीच बुजवली होती.

मग तू आलीस. वास येतोय म्हणालीस. मी तुला हसले. देव मी खालच्या फळीवर मांडले होते. काड्याची पेटी तुझ्या हातात दिली आणि म्हटलं, "दिवा लाव." तू म्हणालीस, "आई, आधी एकदा शेगडी बघू या का?" यावर मी काय म्हटलं ते तुलाही आठवत असेल. "दिवेलागणीला वाद नको."

देवापुढे सुनेने वाद घालायचा नसतो, म्हणून तू खाली बसलीस आणि काडी ओढलीस.

भडका झाला तो तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. धीरजने तुला ओढून बाहेर नेलं. बाटल्याचा कॉक ह्यांनी हात घालून बंद केला. मग सगळे तुझ्याभोवती होते आणि आत मी एकटी होते. तेव्हा मी शेगडीकडे पाहिलं. पातेल्याखाली जाळ नव्हता, आणि बटण चालूवर होतं.

मी ते बंद केलं.

विचार करून नाही केलं. हात आपोआप गेला, जसा रोज जातो. पण नंतर ह्यांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, "शेगडी तर बंद हाय. मग बाटल्याकडूनच." तेव्हा मला तोंड होतं. दवाखान्यात धीरज तुझ्यावर ओरडला, "रेग्युलेटर नीट बसवता येत नाय, तर हात कशाला लावलास?" तेव्हाही होतं. तू पांढऱ्या पट्टीतला हात छातीशी धरून वाकलीस, माझ्या पायाला डाव्या हाताने शिवलीस आणि म्हणालीस, "आई, माझंच चुकलं असेल." मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. पुढच्या केसांना जळल्याचा वास येत असेल. मला तोही आला नाही.

काल ह्यांनी नवे बाटले आणले, दोन, फायबरचे. उन्हात धरून मला आतली पातळी दाखवली. लहान मुलासारखे खूश होते. पट्ट्याने बांधले आणि धीरजला म्हणाले, "आता एक नियम. सूनबाईनं बाटल्याला हात लावायचा नाय."

धीरज मान हलवून "बरं" म्हणाला. त्या "बरं"ने मला जे झालं, ते खंडेरावांच्या फोननेही झालं नव्हतं. तुझा नवरा तुझ्याबद्दल असा मान हलवतोय, आणि तो माझा मुलगा. मी म्हटलं, "तिने बाटला बरोबर बसवला होता. शेगडीचं बटण चालू होतं. मी बंद केलं आणि सांगितलं नाही. आणि मला वास येत नाही, करोनापासून."

ह्यांना पहिल्यांदा कळलंच नाही, दोनदा सांगावं लागलं. मग ते गाडीत जाऊन बसले. धीरज म्हणाला, "आई, मी तिला सगळ्यांच्या देखत ओरडलो." एवढंच. ताट तसंच ठेवून उठला. आज तुझ्याकडे यायला निघाला होता, मी थांबवलं. म्हटलं, आधी तिला बोलावू दे, यावं का येऊ नये ते तिला ठरवू दे. जागृतीला मीच फोन करून सांगितलं. ती रडली. मी म्हटलं, रडायचं ते वहिनीपुढे जाऊन रड.

मग तुमच्या घरी फोन लावला. रत्नाबाईंनी घेतला. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे तिला तुमीच सांगा. आमी सांगितलं तर तिला वाटंल, आईबाप मन राखत्यात. तुमच्या अक्षरात येऊ द्या." एक शब्द जास्त बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. म्हणून परवाचे कागद न फाडता त्यालाच हे जोडलंय. माझी लपवालपवीही तुझ्याजवळ माझ्या अक्षरात असू दे.

स्वरा, तू बाटला नीट बसवलास. नळी नीट होती. तारीख तू वाचली होतीस. वास तुला आला, आणि तू तो सांगितलास. तुझ्या हातांनी एकही गोष्ट चुकलेली नाही. आईकडे चहा टाक. काडी ओढायच्या आधी नाकाने बघ आणि त्या नाकावर विश्वास ठेव. समोर सासू उभी असली तरी.

अलार्म आणलाय. धीरज काल संध्याकाळी गाडीत खालच्या बाजूला लावत होता, हे बॅटरी धरून उभे होते. पायपुसणं मी चुलीत घातलं असतं, पण चूल नाही, म्हणून कचऱ्यात टाकलं. आता घरात शेगडी पेटवायच्या आधी मी मोठ्याने विचारते, "कुणाला वास येतोय का?" शेजारच्या बायकांनाही सांगितलंय, यापुढे मला विचारू नका.

ये म्हणत नाही. तो हक्क मी घालवला. आलीस, तर दारातच एक काम सांगीन. उंबऱ्यात जरा थांबायचं, श्वास घ्यायचा, आणि मला सांगायचं, आपल्या घराला वास कसला येतो. तू या घरात लग्न होऊन आलीस, तेव्हापासून मला ते माहीत नाही.

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहिले, ते रीतीप्रमाणे. शेवटी रीत मोडते. दवाखान्यात तू वाकली होतीस, वाकायचं मी होतं.

तुला नमस्कार.

हंसा