ना इकडचा ना तिकडचा आमदार

आमदार निवास, नागपूर
२० डिसेंबर १९८६

प्रिय खुशाल,

तुझा जावई टेकचंद काल येऊन गेला. तू पाठवलेला चिन्नोर पोचला आणि तुझ्या पक्षाचा फॉर्मही पोचला. तांदूळ रात्रीच शिजवला, फॉर्म अजून कोराच आहे. येत्या शुक्रवारी मला शपथ घेऊन सहा महिने भरतात. राज्यपालांनी नेमलेल्या आमदाराला पक्षात जायचं असेल तर तेवढ्यातच जाता येतं, नंतर गेला तर आमदारकी जाते, हा नवा कायदा तू टेकचंदकरवी मला समजावलास. बरं केलंस. इथं कायदा कुणी सांगत नाही, सगळे चहाच पाजतात.

माझी फजिती ऐक. तलावाच्या बांधावर पाणीवाटपाच्या बैठकीला आपण चपला काढून बसतो ना, त्या सवयीनं मी विधान परिषदेच्या दाराशीच चपला काढल्या आणि अनवाणी आत गेलो. शिपाई बिचारा त्या हातात घेऊन मागे धावला. पुढे बसावं कुठं ते कळेना. एकीकडे सरकार, दुसरीकडे विरोधक, आणि मी दोन्ही घरचा पाहुणा. तुझ्या कौशल्यावहिनीनं घरून निघतानाच सांगितलं होतं, "जिकडं हवा लागते तिकडं बसा जी." शेवटी पंख्याखाली बसलो.

हातमागाला सूत मिळत नाही यावर परवा बोललो, तर दोन्हीकडची बाकं वाजली. नंतर सरकारी बाजूचा एक आमदार मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "आम्हाला हे बोलायची सोय नाही, तुम्ही बोलत राहा." मी कोष्टी माणूस, आयुष्यभर लुगडी विणली, पण त्या दिवशी छाती फुगली हे कबूल करतो. आता तुझे लोक म्हणतात, फॉर्म भरा, महामंडळाचं अध्यक्षपद देतो, गाडी देतो. आणि तुला तालुक्याचं तिकीट मिळेल, हे टेकचंदनं न सांगताही मला कळलं. त्यात वाईट काही नाही. तीस वर्षं पक्षासाठी तू सायकल झिजवलीस, तुझा हक्कच आहे.

पण खुशाल, आपल्या गावची रीत तुला मी काय सांगावी? ज्याची तलावाखाली धानाची एकही बांधी नाही, त्यानंच पाणी वाटायचं. म्हणून तर ते काम माझ्याकडे आलं. बहात्तर साली धान पोटरीत होतं आणि तलावात जेमतेम चिखल उरला होता. तू पाणी सोडायच्या तुडूमाजवळ येऊन म्हणालास, "घडीभर पाणी सोड ना दोस्ता, माही बांधी मरून राहिली." त्या दिवशी पाळी गोदावरीबाईच्या बांधीची होती, तुझी परवाची. मी सोडलं नाही. परवापर्यंत तलाव आटला आणि तुझं धान उभंच्या उभं करपलं. मी चुकलो नाही, हे आजही म्हणेन. पण त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता, हे तुला कधी सांगितलं नाही.

तूही एक गोष्ट लपवलीस. माझ्या नावाची शिफारस मुंबईला कुणी पाठवली ते मला इथं येऊन कळलं. एका अधिकाऱ्यानं तुझा अर्ज दाखवला. त्यात तू लिहिलंस, ‘हा माणूस माझ्यासाठीसुद्धा पाळी मोडत नाही, म्हणून याला पाठवा.’ वाचून मी तिथंच डोळे पुसले. अरे, ज्याची शिफारस केलीस तोच माणूस आता मोडायला निघालास काय?

फॉर्मवर मी सही करणार नाही. पेपरात वाचण्याआधी हे तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. आणि खरं सांगू, थोडं भीतीपोटीही आहे. तुझं धान करपलं तेव्हा तू पावणेदोन वर्षं माझ्याशी बोलला नाहीस. अड्याळच्या बाजारात मी दिसलो की तू वाट बदलायचास. तेव्हा मी पन्नाशीत होतो, निभावलं. आता नाही निभणार. शिव्या द्यायच्या असतील तर वरठीहून सकाळची गाडी धर आणि इथं येऊन दे, दिवसभर दे. फक्त अबोला धरू नकोस.

तुझाच,
नंदलाल