वाचनालयाच्या दारातला फळा

नवीन जालना,
गुरुवार, २१ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप बद्रीनाथमामांच्या सेवेशी,

भाचा भालचंद्र याचा परतूरच्या दिशेने तोंड करून साष्टांग दंडवत. मी इथे खुशाल आहे, म्हणजे कालपर्यंत होतो. आपला गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? कापसाचा हंगाम उतरला असेल, तेव्हा आपणाला सवड असेल असे धरून जरा सविस्तर लिहितो.

आपले पत्र पोचले. परभणीच्या मुलीची पत्रिका जुळते, घराणे चांगले आहे, आणि येत्या पौर्णिमेच्या आत माझा होकार किंवा नकार हवा, हे समजले. शेवटी आपण 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे लिहिले आहे. (आपण दोन्ही केली आहेत आणि ही म्हण आपण नेहमी उसासा टाकून म्हणता, त्यामुळे हे उत्तेजन समजावे की इशारा, ते ठरेना.) उत्तर देतोच, पण आधी माझी इथली भानगड ऐका. येत्या रविवारी कमिटी बसून माझी ग्रंथपालाची नोकरी ठेवायची की नाही ते ठरवणार आहे, आणि बिननोकरीच्या मुलाची पत्रिका परभणीत कितीही जुळली तरी उपयोग नाही.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष रामराव वकील आपल्याला ठाऊक आहेत. औरंगाबादेस शाळेत आपण दोघे एका बाकावर होता म्हणे. या गृहस्थांनी जन्मभर उर्दूत अर्ज लिहिले, रागावले तरी उर्दूत रागावले, पण गेल्या नोव्हेंबरात आपला मुलूख मुंबई राज्यात गेला आणि त्यांना मराठीचे भरते आले. दारात एक फळा टांगा आणि त्यावर रोज एक मराठी म्हण लिहा, येणाऱ्याजाणाऱ्याला शहाणपण येईल, असा हुकूम झाला. हुकूम त्यांचा, खडू माझा. शहाणपण कुणाला आले ते अजून कळायचे आहे.

पहिला महिना बरा गेला. मग एके दिवशी मी 'नावडतीचे मीठ अळणी' लिहिले. मी ज्यांच्या खानावळीत जेवतो त्या द्वारकाबाईंना वाचता येत नाही, पण आमचा म्हातारा शिपाई श्रीपती याला येते, आणि फळ्यावरचा मजकूर गावभर पोचवणे हा तो आपल्या नोकरीचा भाग समजतो. तीन दिवस माझ्या ताटात वरणापासून ताकापर्यंत सगळे समुद्रातून काढल्यासारखे आले. बाकीच्या मेंबरांची वरणे ठीक होती. चौथ्या दिवशी बाईंनी, आता मीठ लागून राह्यलंय का, असे विचारले. मी बिलकुल बराबर म्हणालो आणि तांब्याभर पाणी प्यालो.

सव्वीस जानेवारीला रामरावांचे भाषण झाले. ते पावणेदोन तास चालले. (पहिला पाऊण तास लोक उभेच होते, कारण झेंड्यासाठी उठलेल्यांना बसा म्हणायचे राहून गेले होते.) त्यानंतरच्या सोमवारी माझ्या हातून फळ्यावर 'उथळ पाण्याला खळखळाट फार' लिहिले गेले. आपली शपथ घेऊन सांगतो, ते लिहिताना भाषण माझ्या डोक्यातसुद्धा नव्हते. पण गावाच्या होते. दहा-बारा माणसे फळ्यापुढे उभी राहून गालात हसत होती आणि मी आत बसून, आज वाचनाची गोडी वाढलेली दिसते, म्हणून खूश होत होतो. त्या दिवसापासून रामरावांनी माझा नमस्कार घेणे सोडले.

तेव्हा मी ठरवले की गावच्या म्हणी बंद. वाचनालयाच्या कपाटात देशोदेशीच्या म्हणींचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक धूळ खात पडले होते, ते काढले. परक्या मुलखातल्या माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी काढलेले उद्गार जालन्यात कुणाला बोचणार? पहिल्याच दिवशी जपानची म्हण लिहिली: 'माकडसुद्धा कधीतरी झाडावरून पडते.' दुपारी व्यायामशाळेचे रखमाजी वस्ताद लंगडत आले. ते प्रजासत्ताक दिनाच्या कसरतीत सगळ्यांदेखत मल्लखांबावरून खाली आले होते, हे माझ्या ध्यानातच नव्हते. ते रागावले नाहीत. खुर्चीवर बसले, पाय चोळला, आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "पडलो तर इथंच पडलो ना मास्तर? मंग जपानला कोनी कळवलं?" मी त्यांना चहा पाजला. दुसरे काय करणार?

वास्तविक मी इथे थांबायला हवे होते. पण या मंगळवारी चीनची म्हण लिहिली: 'तहान लागण्याआधी विहीर खणावी.' अशी म्हण आपल्याकडेही आहे, पण चीनच्या नावावर घातली की सुरक्षित राहील असा माझा हिशेब. गावच्या नव्या विहिरीच्या कमिटीवर रामराव आहेत, ती विहीर दोन उन्हाळे खणली जाते आहे आणि तिला खडकाखेरीज काही लागलेले नाही, हे मला श्रीपतीने मागाहून सांगितले. आधी सांगितले असते तर गाव एका करमणुकीला मुकले असते.

काल रामराव स्वतः आले. त्यांनी सगळ्या म्हणी तारीखवार लिहून आणल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे ती कुणाला उद्देशून आहे त्याचे नाव. चार ठिकाणी त्यांचेच होते. मी घाबरलो, आणि घाबरलो की माझे काय होते ते आपण जाणता. म्हणी कुणा एकासाठी नसतात, ज्याने त्याने आपला अर्थ घ्यायचा असतो, असे मला नम्रपणे सांगायचे होते. मी सांगितलेही. पण ते वकील, त्यांना मुद्दा थोडक्यात आवडेल म्हणून शेवटी म्हणालो, "साहेब, खाई त्याला खवखवे."

वाचनालयात शांतता राखा अशी पाटी आहे. ती प्रथमच पाळली गेली. मग रामराव उठले, टोपी घातली आणि म्हणाले, "आमी काय खाल्लं, ते आयतवारी कमिटीपुढं सांगा."

आज मी सावध होऊन संस्कृतात गेलो आणि 'मौनं सर्वार्थसाधनम्' लिहिले. दुपारपर्यंत एकही तक्रार नाही. मामींना नमस्कार, शैला व गजानन यांस आशीर्वाद. गुडघ्याला तीळतेल चोळावे.

आपला आज्ञाधारक
भालचंद्र

ता. क. परभणीला नकार कळवावा. कारण नोकरीची अनिश्चिती असे सांगावे.

ता. क. दुसरा. ते कारण खरे नाही. रामरावांची कन्या उमा मुलींच्या शाळेत शिकवते. ती सव्वादहाला आमच्या दारावरून जाते, फळ्यापुढे थांबते, वाचते आणि पुढे जाते. मामा, मी तीन महिने एका माणसासाठी म्हणी लिहितो आहे. खळखळाटाची लिहिली ती, न बोलणारे ते खोल असतात, असे तिला वाटावे म्हणून. तिच्या वडिलांची त्यात आठवणही नव्हती. नांदेडचे एक स्थळ तिला बघून गेले असे कळले, त्या दिवशी चीनची विहीर लिहिली, आणि ती तर मलाच उद्देशून होती. आज दुपारी फळा पुसायला गेलो, तर माझ्या संस्कृताखाली खडूने एक ओळ लिहिलेली: 'बोलणाऱ्याची अंबाडी विकते, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत.' अक्षर मी ओळखतो. वाचनालयाच्या वहीतल्या तिच्या सह्या मला पाठ आहेत. तेव्हा आपण शनिवारच्या गाडीने यावे आणि बाकावरची ओळख काढून रामरावांशी बोलावे. माझ्याने होणार नाही.

ता. क. तिसरा. शुक्रवार सकाळ. वरचे सगळे पुन्हा वाचले. एवढी पाने मी आपल्याशी बोललो, आणि उमाशी आजवर 'पुस्तकाची मुदत संपली' याखेरीज एक वाक्य बोललेलो नाही. ती म्हण तिने परतूरला पाठवण्यासाठी लिहिलेली नाही. आपण येऊ नये, गुडघ्याला प्रवास झेपायचा नाही. आज फळ्यावर काही लिहिलेले नाही. सव्वादहाला पाच मिनिटे कमी आहेत. पत्र श्रीपतीजवळ देतो आणि दारात जाऊन उभा राहतो.