अकरा वेळा होय महाराजा

शिरोडा,
गोकुळाष्टमीनंतरचा गुरुवार

तीर्थरूप भिकाजीमामांच्या चरणी भाचा किरणचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व येथे बरे आहोत. आईचा गुडघा बरा नाही, पण तो आम्ही यात धरत नाही. आपला दमा कसा आहे आणि मामीने स्वतःचा चष्मा केला की अजून चिरंजीव दीपेशचाच वापरते, ते कळवावे.

आपले पत्र पोचले. आमच्या माळ्यावरच्या पेटीतली आपली 'लो वॉटर' ही कॅसेट (आपण 'क्यासेट' लिहिले आहे, माझे काही म्हणणे नाही) आपण परत मागितली आहे, कारण दीपेश ती काचेच्या चौकटीत घालून हॉलच्या भिंतीवर लावणार आहे. हे वाचून दाखवल्यावर आईने विचारले, "आणि ऐकतले कशान?" पत्रासोबत पार्सल आहे. ते सावकाश उघडावे.

कॅसेटची प्रकृती उत्तम आहे, हे आधी सांगतो. आपण १९८२ साली बोटीवर असताना परदेशातल्या बंदरात ती उरलेल्या मालाच्या टोपलीतून उचलली होती आणि दुकानदाराने दोनदा विचारले होते की नक्की हीच ना, हे आपणच सांगितलेले मला आठवते. ती गाणाऱ्या चार माणसांचे पुढे काय झाले कोणास ठाऊक. पण मामा, लोकांनी अन्याय केला. मी ती आजवर दोनशेच्या वर वेळा ऐकली आहे (वहीत खुणा आहेत). गिटार कोयत्याच्या धारेसारखी पातळ, ढोल यंत्राचा, त्यामुळे तो कधी दमत नाही आणि कधी खूशही होत नाही. गाणारा माणूस दुःखाची गोष्ट अशी सांगतो की जणू तलाठ्याकडे पत्ता लिहून देतो आहे. दुसऱ्या बाजूच्या शेवटी शब्दच नाहीत, नुसता सिंथेसायझर, धुक्यात लांबून लाँच येत असावी आणि येऊच नये, तसा. आपण डबीवर पेनने 'ओहटी' असे लिहिले आहे (शब्दकोशात 'ओहोटी'ही आहे, मी पाहिले). याहून बरे नाव मला सुचत नाही. घरात मात्र कोणाला पटत नाही. आई म्हणते, "ह्यो गाता काय दाढदुखी सांगता?"

आता जे घडले ते क्रमाने लिहितो. आपल्याला माहीत आहे की दहावीला इंग्रजीत राहिल्यापासून मी साउंड सर्व्हिसमध्ये आहे. कर्णे तपासायला मी हीच कॅसेट लावतो, कारण त्या यंत्राच्या ढोलात कर्ण्याची घरघर लपत नाही. नारळी पौर्णिमेला बाळादादाची नवी होडी पाण्यात लोटायची होती. सत्यवानआबा नेहमीप्रमाणे गाऱ्हाणे घालणार, म्हणजे ते देवाकडे एकेक मागणे मांडणार आणि बाकीच्यांनी "होय महाराजा" म्हणायचे. माणसे बत्तीस. सर्वांनी हात जोडले, डोळे मिटले. आबांनी माइक तोंडाशी धरला पण माझ्या लक्षात आले नव्हते की मिक्सरवर माइकची वायर टेपच्या जागी आणि टेपची माइकच्या जागी आहे (असे माझ्या हातून सात वर्षांत प्रथमच झाले). मी माइकचे बटण वर केले. तपासणीची टेप अजून फिरत होती, त्यामुळे लागले ते पहिल्या बाजूचे चौथे गाणे.

हे गाणे आपल्याला आठवत असेल. तो माणूस एका सुरात भरभर काहीतरी सांगतो, मागचे तिघे दोन शब्द ओरडतात, मग चार सेकंद नुसता ढोल. त्या चार सेकंदांत बत्तीस माणसे म्हणाली, "होय महाराजा!"

मी बटणाकडे हात नेला. बाळादादा डोळे न उघडता ओरडला, "बंद करू नको रे! गाऱ्हाणां मधीच खंय थांबवतंस?" तिसऱ्या कडव्यापासून आबाही मिसळले. अकरा मागण्या, अकरा होकार. एकही जागा चुकली नाही. खरे सांगायचे तर मला थांबवता आले असते. पण ते गाणे पहिल्यांदाच कोणीतरी शेवटपर्यंत ऐकत होते.

आबा नंतर एवढेच म्हणाले, "शब्द कळाक नाय, पण मागणी बरोबर केल्यान." होडी गेली, आणि दुसऱ्या दिवशी बांगड्यांनी भरून आली. आता बाळादादाला प्रत्येक खेपेला हेच गाऱ्हाणे हवे आहे आणि शेजारच्या रेडी गावाहून दोन होड्यांनी विचारणा केली आहे.

कळावे, लोभ आहेच, तो राहावा.

आपला आज्ञाधारक,
किरण

ता. क. १ : वर लिहायचे टाळले ते लिहितो. आम्ही अकरा वेळा कशाकशाला होय म्हणालो, हे मला ठाऊक नाही. कॅसेटच्या कागदावर शब्द छापलेले नाहीत. कान लावून मला 'रूफ', 'ट्यूसडे' आणि 'सिंक' एवढेच मिळाले. शब्दकोशात 'सिंक' म्हणजे बुडणे. होडी रोज समुद्रात जाते आहे. मी जेवत नाही, असे आई आपल्याला फोनवर सांगेल. आपल्याला इंग्रजी येते, तरी अर्थ उलट टपाली कळवावा.

ता. क. २ : आता कळवू नये. बाळादादाची रिया वेंगुर्ल्याला कॉलेजात आहे, तिने तीनदा ऐकून सर्व लिहून दिले. गाणारा माणूस भाडेकरू आहे. छप्पर गळते, मंगळवारपासून पाणी नाही, आणि सिंक, म्हणजे आपले मोरीतले बेसिन, तुंबले आहे, हे तो घरमालकाला सांगतो. मागचे तिघे 'दुरुस्त करा' असे ओरडतात. मी भीत भीत बाळादादाला सांगितले, की हे देवाचे नव्हे, घरमालकाकडे घातलेले गाऱ्हाणे आहे. तो म्हणाला, "मगे? आमी खंय मालक आसंव? भाडेकरूच मरे!" त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो.

ता. क. ३ : पार्सलमध्ये कॅसेट नाही. आमसुले आहेत, आणि त्यांच्याखाली पेन ड्राइव्ह. त्यात संपूर्ण 'लो वॉटर' उतरवून दिली आहे. चौथे गाणे किनाऱ्यावर रेकॉर्ड केले आहे, बत्तीस माणसांसह, आणि माझ्या मते मूळ गाण्यात तेवढेच कमी होते. कॅसेट येथेच राहू द्यावी, भिंतीवर ती गप्प बसेल. दीपेशला चौकटीसाठी रिकामी डबी देतो, तीवर आपले अक्षर आहे. उत्तर लांब लिहिण्याचा त्रास घेऊ नये. दोनच शब्द पुरेत, ते आपल्याला माहीत आहेत (त्यातला दुसरा 'म्हाराजा' असा लिहू नये, 'म' आणि 'हा' वेगळे आहेत).