आईची हिरवी नऊवारी

चंदीगड, सेक्टर २२
सोमवार, ९ ऑक्टोबर १९७८

पूरग्रस्तांसाठी आईची हिरवी नऊवारी दिली खरी, पण इथं पंजाबात ती नेसणार कोण? वेंधळी कुठली मी! मदत केंद्रातल्या कारकुनानं सरकारी नियम वाचून दाखवला: एका बाईला एकच कपडा. लेकीसोबत रांगेत उभ्या असलेल्या बाईनं नेमकी तीच हिरवी उचलली. मी ओशाळले. “बहनजी, ये तो साडी है. दूसरा कुछ लीजिए ना.” तिनं हातानं कापड मोजलं आणि हसली. “नौ गज है जी! एक सलवार-सूट मेरा, एक कुडी दा,” तिनं लेकीकडे बोट दाखवलं. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, मग वहीत लिहिलं, ‘नग एक’. नियम कुठं मोडला?

आई ती फक्त सणाला नेसायची. आता छावणीत दोघी रोज घालतील.